पहिला टेक

पडदा काळा झाला तरी खोलीतला दिवा लगेच कुणी लावला नाही. चित्रपट आणि प्रसारणाच्या मास्टर्सच्या आठ जागांसाठी सकाळपासून एकोणीस जणांच्या फिल्म पाहून झाल्या होत्या. ही पाच मिनिटांची विसावी. त्यात हॉस्पिटलच्या खाटेवर एक वाळलेला माणूस होता आणि शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून तो म्हणाला होता, "माझी लेक सिनेमा शिकणार आहे. म्हणून अजून थांबलोय."

वृत्तवाहिनीतून आलेल्या पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. विभागप्रमुख समोर बसलेल्या उमेदवार मुलीला म्हणाले, "वडील कसे आहेत आता?"

"गेले. शूटिंगनंतर तिसऱ्या दिवशी."

विभागप्रमुखांनी मान खाली घातली. संकलन शिकवणाऱ्या बाई मात्र पडद्याकडेच बघत होत्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या फिल्ममधले सांधे शोधण्यात गेली होती. नजर आपसूक तिथेच जायची.

"शेवटचा शॉट दोनदा घेतलायस," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या शॉटमध्ये सलाईनची बाटली अर्धी आहे. वाक्याच्या वेळी तळाला गेलीय."

मुलगी जराशी सावरून बसली. "हो. मध्ये चाळीस मिनिटं गेली. बाबांना धाप लागली होती. ती बसेपर्यंत थांबले."

"पहिला टेक का नाही वापरला?"

"ते ठरलेलं वाक्य बोललेच नाहीत."

"वाक्य ठरलेलं होतं?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी लिहून दिलं होतं. त्यांनी दोन दिवस पाठ केलं. आई म्हणायची, औषधाच्या वेळा विसरतात, पण तुझं वाक्य विसरत नाहीत."

पाहुण्यांनी चष्मा परत चढवला. "दिग्दर्शकाचं धाडस आहे हो," विभागप्रमुख हलकेच म्हणाले आणि गुणांचा कागद पुढे ओढला.

"पहिल्या टेकमध्ये काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

मुलीने हातांकडे पाहिलं. आवाज मात्र हलला नाही. "म्हणाले, 'तो कॅमेरा खाली ठेव गं. जरा जवळ ये.'"

"मग?"

"मी म्हटलं, बाबा, असं नाही. आपलं ठरलेलं म्हणा."

"ते विचारत नाहीये. जवळ गेलीस का?"

"खिडकीतला उजेड चालला होता, मॅडम."

विभागप्रमुखांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस लिहून कागद सरकवला. पाहुण्यांनीही तेवढेच लिहिले. बाईंचं पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं, शाईचा ठिपका पसरला. शिकवता न येणारी गोष्ट ही मुलगी घरूनच घेऊन आली होती. त्यांनी पन्नास लिहिले आणि पाणी घ्यायच्या निमित्ताने उठल्या.

त्या पॅसेजमध्ये आल्या तेव्हा मुलगी जिन्याजवळ बॅगेची चेन लावत होती.

"नंबर लागेल तुझा," बाई म्हणाल्या.

"थँक यू, मॅडम." ती घुटमळली. "तो पहिला टेक आहे अजून माझ्याकडे. पुन्हा पाहिला नाही. पुसून टाकावा का, कळत नाही."

आत पुढच्या उमेदवाराच्या नावाचा पुकारा झाला. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुसू नकोस. घरी ठेव, आईला दाखव. पण इथे आणू नकोस," त्या म्हणाल्या. "इथे आणलास, तर आम्ही तुला त्याचीही फिल्म करायला लावू."