हातगुण

"स्टेनलेसला गंज चढत नाही, असं विकणारा सांगतो," मास्तर म्हणाले. "आणि चढलेला गंज उतरवायला तुम्ही माझ्याकडे येता."

सफारीतले साहेब हसले नाहीत. त्यांची पहारेकरी पुरवणारी कंपनी होती. पिस्तुलाचा परवाना त्यांनी न मागताच टेबलावर ठेवला होता. मास्तरांनी नंबर ताडून पाहिला आणि पुन्हा खुर्चीत अंग टाकलं. तीस वर्षं धातूला झिलई चढवून त्यांचे खांदे कामातून गेले होते. गेली पाच वर्षं तर सकाळी दुकान उघडायचं म्हटलं तरी जिवावर यायचं.

"कोणता मुलामा चांगला?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. निकेल छान, पण लांबून चमकतं. क्रोम टणक, पण वेळखाऊ. भट्टीत भाजलेला लेप सगळ्यात टिकाऊ, घामाला आत शिरूच देत नाही. काळी झिलई दिसायला झकास, पण पातळ. सहा महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

"टिकाऊच द्या. हे डाग पुन्हा दिसायला नकोत."

"घामाचे आहेत. काहींचा घामच तसा असतो. हात लागला की चार दिवसांत गंज."

हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा हात तसाच होता, त्यांच्या वडिलांचाही. म्हणून दुकानात ते हातमोज्यांशिवाय कशालाच शिवत नसत. बायको म्हणायची, "हातगुण डॉक्टरला असतो. तुमच्या घराण्यात आहे तो हातदुर्गुण."

त्यांनी चष्मा चढवून पिस्तूल दिव्याखाली ओढलं. मूठ स्वच्छ होती. नळीच्या एका बाजूला चार बोटं नारिंगी उमटली होती, दुसऱ्या बाजूला अंगठा. चारांतलं मधलं बोट करंगळीपेक्षाही आखूड होतं.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

त्यांच्या मुलाच्या, गंज्याच्या, मधल्या बोटाचं पेर सोळाव्या वर्षी याच दुकानात, पॉलिशच्या चाकात गेलं होतं. गंज्या हे नाव मास्तरांनीच लाडानं ठेवलेलं. पाच वर्षांपूर्वी पोरानं उघड्या हातांनी तयार माल हाताळला आणि सगळा डागाळून ठेवला. तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मास्तर बोलून गेले, "ज्याला हात लावशील त्याची माती करतोस तू." पोरगा पायात चपला सरकवून निघाला तो निघालाच. फोन नाही, निरोप नाही. आहे की नाही एवढं कळलं तरी पुरे, असं बायको रोज जेवताना म्हणायची. मास्तर मान खाली घालून जेवायचे. त्यांना घास गोड लागत नसे.

"हात कोणाचा हा?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आमच्याकडचाच एक."

"कधी लागला?"

"सोमवारी."

आज शुक्रवार. मास्तरांनी मनातल्या मनात दिवस मोजले.

"कामाला कसा आहे?"

"प्रामाणिक," साहेब म्हणाले. "थोडा जास्तच."

मास्तरांना भरून आलं. ते खोकल्यावर निभावलं. "त्याला रागावू नका. घाम काय कुणाच्या हातात असतो?"

"तो पुन्हा हात लावणार नाही."

"लागतो हो. कितीही सांगा."

"नाही लागणार."

नाव विचारावं असं ओठांवर आलं होतं. पण बाप माग काढतोय हे पोराला कळलं तर तो तिथूनही पळेल. पोरगा कुणाचा, बापासारखाच आडमुठा. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच धंद्यात थाप मारली.

"मग काळी झिलईच घ्या. याच्यावर तीच टिकते."

"मघाशी पातळ म्हणालात."

"ती साधी. ही माझ्या हातची."

साहेबांनी मान हलवली आणि बुधवारी येतो म्हणून गेले. मास्तरांनी हिशोब सरळ ठेवला होता. सहा महिन्यांनी झिलई जाईल, साहेब परत येतील, आणि पोराचा हात पुन्हा दिसेल. तेवढ्यावर म्हातारा-म्हातारी सहा महिने काढतील. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, गंज्या आहे."

"कुठं?"

"इथंच, या गावात. नोकरी करतो. सोमवारचा त्याचा हात माझ्यासमोर आहे, पिस्तुलावर. मालक म्हणाला, प्रामाणिक आहे."

ती रडली. पाच वर्षांत मास्तरांनी तिला रडताना ऐकलं नव्हतं. मग नाक ओढून म्हणाली, "बारीक झालाय का हो?"

"बोटांच्या डागावरून काय कळणार?"

"तुम्हाला कळेल. तुमचाच हात आहे तो. बघा तरी लावून."

ते हसले. डाग आता पुसायचेच होते. त्याआधी एकदा पोराच्या हातात हात द्यावा, असं त्यांनाही वाटलं. त्यांनी उजवा हातमोजा काढला, डाव्या हातानं मूठ धरली आणि पुसताना धरतात तशी नळी धरली. बोटं डागांवर बसेनात. हात बदलून पाहिला. आता आखूड बोटाचा डाग भलत्याच बोटाखाली येत होता, अंगठाही उलटा पडत होता. बायको फोनवर थांबली होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

"थांब जरा," म्हणत मास्तरांनी पिस्तूल टेबलावर फिरवलं आणि समोरच्या बाजूनं उजवा हात घातला. चारही बोटं आणि अंगठा बरोबर जागच्या जागी बसले, आणि नळीचं तोंड मास्तरांच्या छातीवर आलं.