राजघराण्यातला सुलतान

आपला सुलतान थेट मारवाडच्या राजघराण्यातला, हे मुकुंदनं पुंडलिकनगरातल्या इस्त्रीवाल्यालाही ऐकवलं होतं. चारुताचे तर कान किटले होते. अश्वप्रदर्शनात बक्षीस मिळाल्यापासून हा माणूस बायकोलाही रयतच समजायला लागला होता.

रविवारी नवरा, बायको आणि लेक आपापल्या घोड्यांवरून रपेटीला निघाली. वाटेत एका मंगल कार्यालयासमोर बँड सुरू झाला, तसा सुलतान गर्रकन वळला आणि ठुमकत ठुमकत मांडवाच्या दारात जाऊन उभा राहिला. मुकुंदनं लगाम ओढला, टाचा मारल्या, घोडा ढिम्म! मागं खरा नवरदेव गाडीत ताटकळलेला.

चारुता म्हणाली, "अहो राजे, उतरा आता. नवरदेव उतरवल्याशिवाय हलायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत दिसतेय."