नाचरी अक्षरं

इजिप्तमधल्या आमच्या इस्ना गावात कुणी हजला गेलं, की ते परत यायच्या आत त्याच्या घराची भिंत रंगवून ठेवतात. काबा, विमान आणि खाली हजला गेलेल्याचं नाव. गावातल्या बहुतेक भिंती अबू सालेम पेंटरच्या हातच्या, आणि नावं सगळी सरळ, ठसठशीत अक्षरांत. एक वर, एक खाली अशी त्याची नाचरी अक्षरं रसाच्या दुकानावर नाहीतर न्हाव्याच्या पाटीवरच शोभतात, हे त्याची बायको बदरियाच त्याला बजावत आली होती.

यंदा ती स्वतः भावाबरोबर हजला गेली. परत आली तेव्हा "हज्जा आली, हज्जा आली" म्हणत शेजारणी जमल्या. गाडीतून उतरून नेहमीसारखी एक पाय ओढत ती भिंतीपाशी गेली. काबा देखणा होता, विमानही. तिचं नाव मात्र नाचत होतं. शेजारणी हसू दाबू लागल्या.

"अबू सालेम, मी काय तिकडे रस विकायला गेले होते? गावाला सरळ अक्षरं आणि बायकोलाच हा थिल्लरपणा? पुसा ते."

"पुसतो, हज्जा. पण ती अक्षरं रसवाल्यासाठी नव्हती सुचली. लग्नाआधी तू आमच्या दारावरून जायचीस ना, एक पाऊल वर, एक खाली. ते बघून सुचली."

बदरियानं गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. रसवाला, न्हावी, सायकलवाला. इतकी वर्षं प्रत्येक पाटीवर तीच चालत होती.