सत्काराचा नारळ

“पण सर, मला परीक्षा द्यायचीय,” सोनाली म्हणाली.

मुख्याध्यापक भोईर सरांनी चष्मा काढला. उभ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“अगं, सूट मिळालीय तुला. वर्षभर नव्वदच्या वर मार्क. अख्ख्या नववीत तू एकटीच. घरी बस, कैऱ्या खा.”

“एखादा तरी पेपर द्या, सर. कुठलाही चालेल.”

सर गहिवरले. हे वाक्य सत्काराच्या भाषणात घालायचं त्यांनी ठरवलं आणि तिला घरी पाठवलं.

नियम नवा होता. हुशार मुलांची वार्षिक परीक्षा घ्यावी की नाही, यावर संस्थेच्या बैठकीत दोनदा चहा झाला. एक सभासद म्हणाले, ज्याला येतं त्याला विचारायचं कशाला? दुसरे म्हणाले, आणि ज्याला येत नाही त्याला विचारून तरी काय मिळतं? पहिल्यांचा ठराव झाला. दुसऱ्यांना आणखी चहा मिळाला.

सोनालीचे वडील मालोजी टेंपो चालवायचे. माल रसायनीला पोचवायचा आणि येताना दहिवलीच्या नाक्यावर थांबून पिऊन यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. पिऊन आले की आधी फळीवरची भांडी खाली यायची, मग बायको, बायजा. सोनाली पाचवीत असताना, शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी, बायजाने देवापुढे नारळ ठेवला आणि नवऱ्याचा हात धरून त्यावर ठेवला. पोरीचा शेवटचा पेपर होईस्तोवर थेंब घ्यायचा नाही. मालोजींनी शपथ घेतली आणि पाळली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, खुद्द मालोजींनाही. पेपर संपले. त्यांनी गावदेवीपुढे नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी पिऊन आले.

शपथ पक्की होती. फक्त तिला शेवट होता.

सोनालीच्या हे ध्यानात आलं. तिने परीक्षांचा सपाटा लावला. शाळेच्या होत्याच, त्यात हिंदीची, चित्रकलेची, टायपिंगची. लेझीमची असती तर तीही दिली असती. दर परीक्षेला बायजा देवापुढे नवा नारळ ठेवायची आणि शपथ पुन्हा व्हायची. मालोजींनी विषय कधी विचारला नाही.

“परीक्षा हाय का गं?”

“हाय.”

“बरं.”

एक संपायच्या आत दुसरी सुरू, त्यामुळे नारळ फोडायची वेळच यायची नाही. यंदा दिवाळीपासून देव्हाऱ्यात तोच नारळ होता. आतलं पाणी कधीच आटलं होतं. बायजाने फळीवर काचेचे कप मांडले होते. गाव म्हणायचं, मालोजीच्या पोरीला परीक्षांची भारी हौस. इतक्या परीक्षा दिल्या की कुणीही हुशार होईल. सोनाली झाली. तिथेच घात झाला.

सूट मिळाल्याचं तिने फक्त आईला सांगितलं. बायजा पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

“टायपिंगची कधी हाय?”

“शाळेची संपली की लगेच.”

“मंग तवर जा रोज,” बायजा म्हणाली. “पॅड घिऊन जा.”

सोनाली रोज सकाळी गणवेश घालून निघायची आणि भिवपुरीच्या स्टेशनवर बाकावर बसून राहायची. पेपर सुटला की पोरींच्या घोळक्यात मिसळून घरी यायची. मालोजी विचारायचे, “कसा गेला?” ती सांगायची, “सोपा होता.” संध्याकाळी त्यांचे हात थरथरायला लागले की ते धुतलेला टेंपो पुन्हा धुवायचे. दहिवलीचा रस्ता त्यांनी सोडला होता. डिझेल जास्त जायचं, पण लांबून यायचे.

शेवटचे दोन पेपर उरले होते. त्या दुपारी सोनाली घरी आली तर दारात भोईर सरांची मोटारसायकल. सूट मिळालेली मुलगी शाळेत येणार नाही, म्हणून सत्कारच घरी आला होता.

“या, या,” सर म्हणाले. “मालोजीराव, असं रत्न तालुक्यात नाही. तिला आम्ही सबंध परीक्षा माफ केली. एकही पेपर नाही. तरी म्हणते कशी, मला परीक्षा द्यायचीय.”

मालोजींनी लेकीच्या हातातल्या पॅडकडे पाहिलं.

“मंग ही रोज जाती कुठं?”

सर घरभर हसऱ्या चेहऱ्याने पाहत होते. बायजा फळीपाशी गेली आणि एकेक काचेचा कप उतरवून पदरात घेऊ लागली. सरांना वाटलं, चहाची तयारी.

“साखर कमी हं, वहिनी,” ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून शाल काढली आणि मालोजींच्या खांद्यावर घातली. शालीवर नारळ हवाच. तो त्यांनी मालोजींच्या हातात दिला.

“घ्या. गावदेवीपुढे फोडा. पोरीची परीक्षा संपली.”

नारळ ताजा होता. मालोजींचा हात थरथरत होता आणि आतलं पाणी वाजत होतं. सगळ्यांना ते ऐकू येत होतं. मालोजींनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारातून टेंपो दिसत होता.

ते उठले. बायजा कप घेऊन भिंतीला टेकली. सोनालीने पॅड छातीशी धरलं.

मालोजींनी नारळ दोन्ही हातांनी धरला, आणि सरांच्या पिशवीत परत ठेवला.

“ह्यो घिऊन जावा, सर,” ते म्हणाले. “पोरीची संपली आसंल. माजे दोन पेपर रायलेत.”