सात नंबरचं ताट

स्वयंपाकघरात ताट फरशीला लागलं, बद्दकन वाजलं, आणि बाहेर बसलेल्या बळवंतकाकांनी मान वर केली.

"तेच," ते म्हणाले. "जर्मनचं आहे, अ‍ॅल्युमिनियमचं. स्टील असं वाजत नाही."

"ताट आवाजावरून ओळखता," शेजारी बसलेला जिवा म्हणाला, "आणि परवा बाजारात मला ओळखलं नाहीत." कुणी हसलं नाही. मग त्यानंही चहाच्या कपात तोंड घातलं.

दोघं सकाळीच जव्हारहून मोटरसायकलनं मोखाड्याला आले होते. जव्हारच्या वसतिगृहात राहून गेलेल्या मुलांनी मंडळ केलं होतं. जुन्या कोठीच्या खोलीत वसतिगृहाचा संग्रह उभा राहत होता, आणि जो तिथं राहिला त्यानं आपली एकेक वस्तू द्यायची होती. कुणी पत्र्याची पेटी दिली, कुणी हस्तलिखिताचे अंक, कुणी घोंगडी.

काकांनी खिशातून यादी काढली. सोनलला ती वाचून दाखवायची गरज नव्हती. खालून तिसऱ्या ओळीतलं नवऱ्याचं अक्षर तिनं दारातूनच ओळखलं. 'पंढरी. सात नंबर खोलीचं ताट. दिवाळीनंतर आणून देतो.'

दिवाळी होऊन गेली होती. आणून देणाराच राहिला नव्हता.

"पोरी, जबरदस्ती नाही," काका म्हणाले. "तू नको म्हणालीस तर ही ओळ मी खोडतो. कुणी काही म्हणणार नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"खोडू नका," सोनल म्हणाली. "रोशनी जेवतेय त्यात. तिचं होऊ द्या."

सात नंबर खोलीची रीतच होती. शिकून बाहेर पडणाऱ्यानं आपलं ताट खोलीतल्या सगळ्यात नव्या मुलाला द्यायचं, आणि त्यानं काठाला आपलं नाव खिळ्यानं ठोकायचं. काठाच्या कडेकडेनं आठ नावं झाली होती. आठवं पंढरीचं. त्याच्यापुढे जागा मोकळी.

"मलाच देत होता तो," जिवा म्हणाला. "मी म्हटलं, जा रे, एवढ्या जणांचं उष्टं ताट मला कशाला? तेव्हा खणाखणांची चकचकीत ताटं नवीन आली होती, वहिनी. तेव्हा अक्कल कुठं होती." त्यानं रिकामा कप बशीत फिरवला. "ह्यानं मग काखेत मारून घरी नेलं."

आतून रोशनीचा आवाज आला. "हा बळवंतचा."

काका चमकले. साठी उलटलेल्या माणसाला असं नुसत्या नावानं कुणी हाक मारून बरीच वर्षं झाली होती. ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. पाच वर्षांची पोर मांडी घालून बसली होती, आणि वरणभाताचे लहान लहान घास काठानं मांडलेले, एकेका नावापाशी एकेक.

"वाकडा बळवंत तुम्ही?" रोशनीनं विचारलं.

"मीच. दगडानं ठोकत होतो, खिळा घसरला."

"बाबा म्हणायचे, हा घास वाकडा आहे, तिरक्या तोंडानं खायचा." तिनं तोंड वाकडं करून दाखवलं आणि घास खाल्ला.

काका हसले. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

मग सखाचा घास झाला, बुधाचा झाला, सुशीलचा झाला. सात झाले. आठवा रोशनीनं उचलला नाही. पंढरीच्या नावापाशी तो बोटानं नीट बसवला, आणि ती हात धुवायला मोरीवर गेली.

आठ महिने रोज हेच चाललं होतं. पहिल्या दिवशी तो घास टाकून देणं सोनलला जमलं नव्हतं. तिनं तो उभ्या उभ्याच तोंडात टाकला होता. रोशनीनं येऊन रिकामं ताट बघितलं, आणि मान हलवली. मनासारखं झाल्यावर हलवतात तशी. त्यानंतर खरं काय ते सांगायचं सोनलच्या मनात रोज यायचं आणि रोज राहायचं.

आताही तिनं घास उचलून तोंडात घातला. काकांनी मान दुसरीकडे वळवली.

तिनं ताट घासलं, धुतलं, पदरानं कोरडं केलं. जिवानं पिशवीतून चिठ्ठी काढली.

"देणाऱ्याचं नाव पंढरीच लिहू ना, वहिनी?"

"तेच लिहा."

काकांनी ताट वर्तमानपत्रात गुंडाळलं. गुंडाळता गुंडाळता मोकळ्या जागेवरून त्यांचा अंगठा एकदा फिरला. "काचेच्या कपाटात ठेवू," ते म्हणाले. "कुणी हात लावणार नाही. वाटेल तेव्हा पोरीला घेऊन ये."

मोटरसायकल वळणापलीकडे गेली तेव्हा मोरीवर पाण्यात खेळून आलेली रोशनी ओले हात फ्रॉकला पुसत दारात उभी होती.

"आपलं ताट कुठं गेलं?"

"जव्हारला. बाबांच्या होस्टेलवर. बाबांनीच देतो म्हणून लिहिलं होतं."

रोशनीला ते पटलं. मग आत गेली आणि मांडणीवरचं दुसरं ताट घेऊन आली. स्टीलचं, लग्नात आलेलं, कोरं. तिनं त्याच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा सावकाश.

"आई, ह्याच्यावर तर कुणीच नाही," ती म्हणाली. "मग संध्याकाळी बाबांना त्यांचा घास कसा सापडेल?"