रिकामी मशीन

देवरी गावातल्या आमच्या घरी समोरून दार उघडणारी वॉशिंग मशीन घेतली आणि पावसाळ्यात तिला कुबट वास सुटला. धुतलेल्या कपड्यांना न धुतलेल्यांपेक्षा घाण वास यायचा. दाराचं रबर घासलं, व्हिनेगर ओतलं, खायचा सोडा टाकला. वास हटेना.

मेकॅनिक म्हणाला, "भाभी, गरम पाण्यावर एकदा रिकामी चालवून पाहा."

रिकामी लावली तर ड्रम जरासा घुमून थांबला. लाल दिवा लागला : कपडे जास्त झाले, काढा.

आत हात फिरवला. काहीच नव्हतं. पुन्हा लावली, पुन्हा लाल दिवा. रोज हेच.

"काऊन भांडून राहिली मशीनसंगं?" सासूबाई अंगणातून ओरडायच्या. "लोक हासतीन!"

एका दुपारी मात्र मी रडकुंडीला आले. माझी वर्षाची रिंकी मागे चटईवर खेळत होती. मशीनचं दार सताड उघडून मी हात जोडले. "जे कोणी असाल, आता निघा न बाप्पा!"

निघणाऱ्याला आमच्यात कोणी 'जा' म्हणत नाही. सवयीनं तोंडून गेलं, "बरं, या."

दार लावलं, बटण दाबलं. लाल दिवा लागलाच नाही. ड्रम हलका फिरत राहिला. थांबल्यावर आत डोकं घालून हुंगलं. वासाचा मागमूसही नव्हता. मला हसू फुटलं.

रिंकीनं मागून हात वर केले. तिला उचलायला वाकले, तर तिच्या जावळाला तोच कुबट वास.

दोन्ही हातांनी जोर लावला. रिंकी जागची हलली नाही.