प्रत्यक्ष पाहणी

घरमालक भाडेकरूंच्या खुर्चीत मांडी घालून उंदराची वाट पाहत बसले होते. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि उंदराचा पत्ता नव्हता.

"मी काय म्हणतो ताई," ते म्हणाले, "माझ्या घरात उंदीर नाहीत."

तिने मांडीवरचा पांढरा झगा आणखी वर ओढून घेतला. झगा गिऱ्हाइकाचा होता, लग्नाचा, परवा द्यायचा. मागच्या महिन्यात अशाच एका झग्याच्या घेराला मेल्या उंदरांनी बशीएवढं भोक पाडलं होतं, आणि नवरीची आई दारात उभी राहून जे काही बोलली ते सगळ्या मजल्याने ऐकलं होतं. आणखी एक झगा कुरतडला गेला, की शिवणकाम संपलंच म्हणायचं. कोण देईल मग हिच्याकडे कपडा? म्हणून आठवडाभर ती हा झगा तान्ह्या बाळासारखा अंगावर घेऊन वावरत होती. भाजी ढवळतानाही खांद्यावर झगाच.

स्वयंपाकघरात सिंकखाली, पाइपाशेजारी भिंतीला भगदाड होतं. उंदीर तिथूनच यायचे. ते बुजवायचं तर पाइप काढायचा, फरशी फोडायची, आणि फोडाफोडी मालकांच्या परवानगीशिवाय करायची नाही. नवऱ्याने चिंध्या कोंबून पाहिल्या, कागदाचे बोळे कोंबून पाहिले. उंदरांनी ते सगळं ओढून बाहेर टाकलं. शेवटी त्याने हात टेकले आणि काकांना बोलावून आणलं.

काका, म्हणजे मालक, खालच्याच मजल्यावर राहायचे. माणूस वाईट नव्हता हो. पण सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेलेली. जळून कोळसा झालेल्या दुकानात उभं राहून 'आग लागली होती कशावरून?' असं विचारणारा माणूस. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. आज वरच्या मजल्यावर यायचं, तर त्यासाठीसुद्धा जुनी चामड्याची बॅग घेऊन आले होते. आत बॅटरी, टेप आणि खाऱ्या दाण्यांची पुडी.

तिने त्यांना लेंड्या दाखवल्या.

"मिरी सांडली असेल."

कुरतडलेला साबण दाखवला.

"साबण झिजतोच."

नवऱ्याने फ्रिजची खाल्लेली वायर पुढे केली. काकांनी ती उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि परत दिली. "ही तुमची वायर. माझ्या घराचं यात काय नुकसान झालं?"

मघाशी तर कहर झाला होता. एक उंदीर ओट्यावरून चांगला रमतगमत चालला होता. नवराबायको एकदमच ओरडली. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, तोवर स्वारी पसार.

"मला दिसला नाही," काका म्हणाले. "म्हणजे नोंद होत नाही."

आता ते उठले. बॅगेतून बॅटरी काढली, चार दाणे तोंडात टाकले, आणि बॅग तशीच उघडी जमिनीवर ठेवून फ्रिजखाली बघायला वाकले. गुडघ्यांवर ओणवे होऊन, यांच्याकडे पाठ करून, बांधकामात सिमेंट किती चांगलं वापरलंय ते सांगू लागले.

तेवढ्यात कपाटामागून उंदीर आला. लठ्ठ, तुकतुकीत, तिच्याच घरचं खाऊन माजलेला. भिंतीच्या कडेने तुरुतुरु निघाला, काकांच्या बॅगेशी थांबला, नाक हलवलं आणि आत शिरला. दाण्यांची पुडी कुरकुरू लागली.

"का..." नवऱ्याने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून.

ओरडलं की काय होणार, हे मघाशी बघून झालं होतं. काका चष्मा पुसणार, उंदीर पळणार, नोंद होणार नाही. आणि हा झगा मग जन्मभर खांद्यावर. ती उठली, झगा सावरला, दोन बोटांनी बॅगेची चेन हळूच शेवटपर्यंत ओढली.

काका कंबर धरत उभे राहिले. "काही नाही. स्वच्छ आहे. मी निघतो."

"घ्या काका, तुमची बॅग."

दारात त्यांना पुन्हा दाण्यांची आठवण झाली. हात चेनकडे गेला. नवऱ्याची पाचावर धारण बसली.

"आता नको काका," ती म्हणाली. "जेवायची वेळ झालीय. काकू रागावतील."

"तेही खरंच," म्हणत काकांनी हात मागे घेतला. ती त्यांच्यासोबत जिन्यापर्यंत गेली. "सावकाश उतरा हं. आणि ती बॅटरी बॅगेत टाकू नका. खाली उजेड कमी आहे, हातातच असू द्या."

खालचं दार उघडलं. काकूंचा आवाज आला, "आलात? ती बॅग इकडे द्या, मी ठेवते." दार लागलं.

नवरा कठड्याला धरून उभा होता. "अगं, काय केलंस हे? काकू झुरळ दिसलं तरी पलंगावर चढतात. उंदीर बघितला तर त्या रात्रभर घर डोक्यावर घेतील."

काकूंसाठी तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. बाई भली होती, कधी वाटीभर साखर मागितली तर नाही म्हणाली नव्हती. जिन्यावरच्या दिव्याखाली ती पायरीवर बसली, झगा मांडीवर पसरला आणि सुईत दोरा ओवू लागली.

"मग गवंडी सकाळीच येईल," ती म्हणाली.